रिकामी हाक

कंपनीलाही स्वभाव असतो, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. सांगणारी माणसं पुण्याहून आली होती. सेनगावात माझ्या दुकानासमोर त्यांच्या गाडीला जागा मिळेना, तेव्हा त्यांनी ती शेजारच्या कृषी केंद्राच्या पोत्यांपुढं लावली आणि अर्धा तास दोन्ही बाजूंनी हॉर्न खाल्ले. माझं दुकान फ्लेक्सचं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, दुकानांच्या पाट्या, भावपूर्ण श्रद्धांजली. तालुक्यात कोणाचं बारसं, कोण निवडून आलं, कोण गेलं हे मला सगळ्यांआधी कळतं, कारण फोटो आधी माझ्याकडे येतो. माणसाला आहे त्यापेक्षा मोठं करून टांगणं हाच माझा धंदा. पण कंपनीला माणूस करून दाखवायचं काम माझ्याकडे कधी आलं नव्हतं.

ही कंपनी फोनवरची होती. शेळ्या-मेंढ्यांची खरेदी-विक्री, जंताची औषधं, खुराक, डॉक्टरचा सल्ला, सगळं एका अ‍ॅपमधून. तिचं नाव मी लिहीत नाही. ते एकदा बदललंय, पुन्हाही बदलेल. कंपनीची ओळख घडवण्याचं काम एका मॅडमकडे होतं. त्या आणि आवाज रेकॉर्ड करणारा एक माणूस, असे दोघं कंपनीचं चित्र माझ्याकडून करून घ्यायला आले होते. मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. वाईट असत्या तर मला हे सगळं सोपं गेलं असतं.

त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. कंपनी माणूस असती तर तिचं वय काय असतं? तिला राग आला तर ती कशी बोलली असती? पाहुण्याच्या घरी गेली तर कुठं बसली असती, पुढं की दाराशी? चहा कसा प्यायली असती?

मी म्हटलं, "मॅडम, कंपनी चहा पीत नाही, पाजते. आणि कशासाठी पाजते ते आमाला ठाऊक आहे."

त्या खळखळून हसल्या आणि मी बोललेलं लिहून घेतलं. मला राग यावा म्हणून त्या काही करत नव्हत्या, पण तो आला. आपण मारलेला टोमणा समोरचा माणूस कौतुकानं लिहून घेतो तेव्हा करायचं तरी काय?

मग त्यांनी काचेवर लावलेल्या माझ्या पत्रिकांच्या नमुन्यांवरच पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. एका चिठ्ठीवर एक शब्द. शांत. कमी बोलणारा. घाई न करणारा. शब्दाला पक्का. त्या म्हणाल्या, "लोक आता जाहिरातीवर विश्वास ठेवत नाहीत. विश्वास सांगून मिळत नाही, तो कुणाकडून तरी आणावा लागतो. आम्हाला असा एक खरा माणूस पाहिजे. म्हणजे कंपनी कशी बोलेल, कशी गप्प बसेल, हे त्याच्याकडे बघून ठरवता येईल."

त्या वेळी माझे बाबा दुकानातच होते. मेंढरांच्या खुरांचं औषध घ्यायला ते सकाळच्या जीपनं आले होते आणि परतीची जीप भरेपर्यंत कोपऱ्यातल्या स्टुलावर, खांद्यावर घोंगडी टाकून, बसले होते. इतक्या वेळात ते एक शब्द बोलले नव्हते. मॅडमनी चिठ्ठ्यांकडे बघितलं, मग बाबांकडे बघितलं, मग पुन्हा चिठ्ठ्यांकडे. बाजारात गिऱ्हाईक बोकडाकडे बघतं तसं ते बघणं होतं. मला ते अजिबात आवडलं नाही.

आमचं घर मेंढरांचं. पुसेगावच्या अलीकडे आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे, पण तिच्यावरून कुणी आम्हाला ओळखत नाही. ओळखतात ते बाबांच्या खांडामुळं, मेंढरांच्या कळपामुळं. सुगी झाली की शेतकरी बोलावतात, मेंढरं त्यांच्या रानात बसवायची, रानाला खत मिळतं, आम्हाला चारा नि धान्य. कुरुंद्याकडच्या हळदीच्या रानांपर्यंत बाबांनी मेंढरं बसवली आहेत. हे सगळं चालतं एका हाकेवर.

ती हाक लिहून दाखवता येणार नाही. आधी पोटातून आलेला एक लांब सूर, मग टाळूवर जिभेचे चटके, आणि शेवटी तोच सूर वर उचलून एकदम सोडून दिलेला. प्रत्येक घराची हाक वेगळी. आमची आजोबांकडून बाबांकडे आली. उन्हाळ्यात तळ्यावर दोन खांडं मिसळली की नवख्या माणसाला वाटतं, आता झाला घोटाळा, ही संध्याकाळपर्यंत वेगळी होत नाहीत. तर दोन्हीकडचे धनी दोन टोकांना उभे राहतात, आपापली हाक देतात, आणि मेंढरं आपोआप वेगळी होतात. कुणी खुणा बघत नाही, कुणी भांडत नाही.

या हाकेचा एक नियम आहे. ती रिकामी द्यायची नाही. हाक दिली आणि मेंढरू आलं, तर त्याला त्या जागी काहीतरी मिळालं पाहिजे. मीठ, पाणी, सावली, नाहीतर धोक्यातून सुटका. नुसतं बोलावून बघू, म्हणून हाक देणं म्हणजे मुक्या जनावराशी खोटं बोलणं, असं माझी माय म्हणते. आमच्या लोकांत एखाद्याला शिवी द्यायची तर "रिकाम्या हाकेचा" म्हणतात. ही शिवी आईबहिणीवरच्या शिव्यांपेक्षा जास्त झोंबते.

मॅडम ती हाक रेकॉर्ड करायला आमच्या रानात आल्या तेव्हा बाबांनी त्यांना हेच सांगितलं. आवाजवाल्यानं काठीला लावलेला, केसाळ बोंडासारखा माईक पुढं धरला होता.

"हाक देतो, मॅडम," बाबा म्हणाले. "पण रिकामी न्हाई देत."

"म्हणजे?"

"म्हंजे हाक दिली की मेंढरू येते. आलं की त्याला कायतरी द्या लागते. तुमी हे जिथं जिथं वाजवसाल, तिथं बोलावलेल्याला कायतरी मिळालं पायजे. एवढं तुमी बराबर पाळा, मंग माझी काय तकलीफ न्हाई."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते पाणी. त्या म्हणाल्या, "हेच तर आमच्या कंपनीचं तत्त्व आहे, बाबा. बोलावलं तर द्यायचं." आणि त्यांनी मान हलवली.

बाबांनीही मान हलवली. इथं बाबांच्या दृष्टीनं व्यवहार पुरा झाला. आमच्याकडे सगळं असंच ठरतं. शेतकरी आणि बाबा शेताच्या धुऱ्यावर उभे राहतात, किती दिवस मेंढरं बसवायची ते बोलतात, दोघं माना हलवतात आणि घरी जातात. मान हलवून शब्द फिरवलेला माणूस पुढच्या सुगीला आमच्या लोकांकडून एक लेंडीही मिळवू शकत नाही. मॅडमनी सही घेतली ती वेगळ्या कागदावर, नंतर, गाडीच्या बॉनेटवर. बाबांनी सही करताना त्या कागदाकडे पाहिलंही नाही, कारण त्यांच्या मते ती सही उगाच होती.

मग हाक झाली. मेंढरं बाभळींच्या पलीकडून धुरळा उडवत आली, बाबांनी कमरेच्या पिशवीतून मीठ काढून दिलं. मधेच एक मोटारसायकल फटफटत गेली म्हणून आवाजवाल्यानं पुन्हा हाक मागितली. बाबा थांबले, खांड पांगू दिलं, पुन्हा हाक, पुन्हा मीठ. वारा आला, पुन्हा. मीठ संपलं. मॅडम म्हणाल्या, "आता एकदा नुसतीच द्या ना." बाबांनी मला गावात मीठ आणायला पाठवलं आणि मी येईपर्यंत ते दोघं पुण्याचे पाहुणे उन्हात उभे राहिले.

काम संपल्यावर आवाजवाल्याला ऐकून बघायचं होतं. त्यानं गाडीच्या डिकीवर एक डबा ठेवला आणि बटण दाबलं. बाबा माझ्या शेजारी उभे होते, तोंड मिटून, आणि बाबांची हाक समोरच्या डब्यातून आली. मी दचकलो. मेंढरं मात्र दचकली नाहीत. ती वळली आणि धावत आली, बाबांना ओलांडून, त्यांच्या पायांना घासून पुढं, आणि त्या डब्याभोवती गोल करून उभी राहिली. तोंडं वर करून. एकही मेंढरू ओरडलं नाही. नुसती वाट बघत होती.

"बघा! काम करतंय!" मॅडम टाळ्या वाजवत म्हणाल्या.

बाबांनी घाईघाईनं पिशवीत हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना मेंढरांच्या मागं मागं धावताना पाहिलं. माय दूर चुलीपाशी बसली होती, ती उठून उभी राहिली.

"यंत्रानं बोलावलं," ती म्हणाली, "मीठ कोण देईन?"

 तो प्रश्न कुणाला ऐकूच गेला नाही, माझ्याशिवाय.

चित्राचं काम माझ्याकडे होतं. मी जीव ओतून केलं. फेटा, घोंगडी, काठी, बाबांचं बाकदार नाक, डोळ्यांखालच्या सुरकुत्या. मॅडमना फार आवडलं. मग त्यांनी त्यातला चेहरा काढायला सांगितला. त्या म्हणाल्या, "चेहरा म्हातारा होतो. चेहरा उद्या आजारी पडतो, भांडतो, विरोधात बोलतो. फेटा आणि खांदे ठेवा. चेहरा नसला की तो कुणाचाही होतो." मी संगणकावर माझ्या बापाचा चेहरा पुसला. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर मी आजवर कितीतरी चेहरे लावले, पुसलेला हा पहिला. रंग हळदीचा ठरला. बोलणं बाबांसारखं ठरलं, वाक्य छोटं, घाई नाही, हात जोडून विनंती नाही. आणि आवाज? आवाज म्हणजे ती हाक. फोनवर कंपनीचा कुठलाही निरोप आला की ती वाजणार होती.

उन्हाळ्यात अ‍ॅप सुरू झालं आणि दोन पावसाळ्यांत तालुकाभर झालं. झालं म्हणजे काय, ज्याच्या घरी एक शेळी आहे त्याच्या फोनमध्ये ते आलं, आणि ज्याच्या घरी कोंबडीसुद्धा नाही त्याच्याही. एसटीत हाक वाजायची. बँकेच्या रांगेत वाजायची. मयतीला बसलेल्या लोकांत कुणाच्यातरी खिशात वाजायची आणि माणसं गालातल्या गालात हसायची. पहिले काही दिवस मलाही अभिमान वाटला, हे नाकबूल करत नाही. माझ्या दुकानात लोक येऊन म्हणायचे, "तुमच्या बाबाचा आवाज हिंगोलीच्या दवाखान्यात वाजून राहिला."

मग एका बाजाराच्या दिवशी बाबा खांड घेऊन सडकेच्या कडेनं चालले होते. फाट्यावर जीपा उभ्या होत्या. एका ड्रायव्हरच्या फोनवर कंपनीचा निरोप आला, हाक वाजली, आणि सगळं खांड सडक ओलांडून त्या जीपभोवती जाऊन उभं राहिलं. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून मेंढरं वाचली. लोक हसले. ड्रायव्हरनं गंमत म्हणून पुन्हा वाजवली. दुसऱ्यानं आपल्या फोनवर वाजवली. मेंढरं या जीपकडून त्या जीपकडे, त्या जीपकडून टपरीकडे. कुणीतरी व्हिडिओ काढला. मी तो पाहिला आहे. त्यात लोकांच्या हसण्यामागं बाबा दिसतात, पिशवीत हात घालून, गर्दीतून वाट काढत एकेका मेंढराच्या तोंडापुढं मीठ धरणारे.

मला वाटलं, त्या दिवसापुरतं असेल. पण बाबांनी तेच धरलं. जिथं हाक वाजेल तिथं ते जायचे आणि मेंढरांना काहीतरी द्यायचे. रस्त्यानं चाललेल्या अनोळखी माणसाच्या खिशात हाक वाजली, मेंढरं वळली, की बाबा त्या माणसाला थांबवायचे. "जरा थांबा, पाव्हणं," म्हणायचे. मीठ द्यायचे. मग म्हणायचे, "जा आता." लोकांना वाटायचं म्हातारा बिथरला. तो माणूस कंपनीची हाक स्वतःच्या मिठानं खरी करत फिरत होता, हे कुणाला कसं सांगणार?

मी चिडलो. "बाबा, कंपनीनं वाजवली. तुमी काहून पळता?"

"हाक कोनाची हाये?"

"तुमची."

"मंग झालं की," ते म्हणाले. 

पण एक माणूस किती ठिकाणी पोचणार? शेजारच्या रानात कापूस वेचणाऱ्या बायकांचे फोन बांधावर असायचे. सोयाबीनच्या मळणी यंत्रावर, तुरीत औषध मारणाऱ्याच्या खिशात, शाळेच्या वरांड्यात, सगळीकडे. मेंढरं धावायची, थांबायची, वाट बघायची, परत यायची. कधी कधी मी बघितलं, हाक वाजली की ती आता सगळी धावत नसत. पुढची काही धावत, मागची मान वर करून बघत. बाबांनीही बघितलं असणार.  घरात कुणाला मोठं दुखणं असल्याचा संशय आला की माणसं जशी दुसरंच काहीतरी बोलत बसतात, तसे आम्ही पावसापाण्याचं बोलायचो.

पुढच्या पोळ्याच्या सुमारास कंपनीनं सवलत काढली. फोनवर हाक वाजली आणि खाली निरोप आला, बाबांच्याच धाटणीत, छोट्या वाक्यांत: "घाई करा. आजच घ्या. उद्या मिळणार नाही." फेटा आणि खांदे, चेहरा नसलेले, वर डोलत होते. मी तो निरोप बाबांना वाचून दाखवला. मला वाटलं ते हसतील.

"मी कवा म्हणलो असं?" त्यांनी विचारलं.

"तुमी न्हाई, बाबा. कंपनी म्हणते."

"पण बोलते तर माझ्यावानी."

त्या दिवशी त्यांची नजर बघून मला भीती वाटली. माझा बाप घाबरलेला मी तोपर्यंत पाहिला नव्हता. लांडगा पाहिलेला माणूस तो.

मी मॅडमना फोन केला. त्यांनी पहिल्याच फटक्यात उचलला, बाबांची तब्येत विचारली, मायची विचारली. मी सगळं सांगितलं. त्या खरंच हळहळल्या. मग म्हणाल्या, "अहो, पण मेंढरंसुद्धा ओळखतात, म्हणजे केवढी ताकद आहे त्यात! आम्हाला याचा व्हिडिओ करता आला तर?" "नको," मी म्हटलं. त्या घाईनं म्हणाल्या, "नको तर नको. मी वर बोलते. पण आता तो आवाज एकट्या माझ्या हातात नाही हो. तो कंपनीच्या स्वभावाचा भाग झालाय. स्वभाव असा एका दिवसात बदलता येत नाही."

आणि मग तो एका दिवसात बदलला. नवरात्राच्या आधी कधीतरी सकाळी माझ्या फोनवर कंपनीचा निरोप आला आणि हाक वाजली नाही. टिंग टिंग असं काहीतरी वाजलं, काचेवर चमचा मारल्यासारखं. फेटा गेला. हळदीचा रंग गेला. निळा आला. नाव अर्धं कापून छोटं केलं. मी मॅडमना विचारलं तेव्हा कळलं, त्या आता दुसऱ्या कंपनीत आहेत, आणि या कंपनीनं नवीन माणसं लावून नवी ओळख करून घेतली. त्यांनी मला समजावलं. लोकांना जुन्याचा कंटाळा आला होता, आता कंपनी शेळ्या-मेंढ्यांपुरती राहणार नव्हती, बियाणं, ट्रॅक्टर, विमा, सगळं करणार होती, म्हणून तिला तरुण व्हायचं होतं. "आता ती पंचवीस वर्षांची, शहरात शिकून गावाकडे परतलेली मुलगी आहे," त्या म्हणाल्या. मी विचारलं, मग माझ्या बाबांचं काय?  "त्यांना माझा नमस्कार सांगा," त्या म्हणाल्या.

बाबांना मी एवढंच सांगितलं की हाक बंद झाली. आता कुठल्याच फोनवर वाजणार नाही. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं. मग पहिल्यांदा कितीतरी महिन्यांनी ते पोटभर जेवले आणि मायला म्हणाले, "वापस आली म्हणावं."

त्यानंतरचे दिवस चांगले गेले, असं आम्हाला वाटलं. बाबा हाक द्यायचे, मेंढरं यायची, बाबा मीठ द्यायचे. पण तेव्हा खांड जवळच असायचं, हाताच्या अंतरावर. बाबा दिसायचे, त्यांची पिशवी दिसायची. मेंढरं हाकेला येत होती की मिठाला, हे ठरवायला काही मार्ग नव्हता, आणि आम्हालाही ते ठरवायचं नव्हतं. माय तेवढी म्हणाली होती, "लांबून देऊन बघा एकडाव." बाबा म्हणाले, "बघायला म्हणून न्हाई देत." नियमच तसा होता.

दिवाळीत दुकान बंद ठेवून मी रानात गेलो. माय बाभळीखाली भाकरी थापत होती. बाबा ओढ्याच्या अलीकडे बसून एका कोकराच्या खुरात रुतलेला काटा काढत होते, ते कोकरू त्यांनी गुडघ्यांत धरलं होतं. खांड ओढ्याच्या पलीकडे चरत होतं. पलीकडच्या बांधाला लागून ज्वारी काढलेलं एक रान होतं. पाऊस मधेच तुटला होता, रान भेगाळलेलं, आणि धसकटांना कोवळे हिरवे फुटवे आलेले. असे फुटवे जनावराला विष असतात. चार घास पोटात गेले की जनावर थरथरतं आणि पडतं. आमच्याकडचं लहान लेकरूही हे जाणतं. म्हणून तर त्या बाजूला खांड वळायला लागलं की बाबा बसल्या जागेवरून हाक द्यायचे, आणि खांड फिरायचं. उठावंसुद्धा लागायचं नाही. जन्मभर हे असंच चाललं होतं.

म्होरकी मेंढी बांध चढली. तिच्या मागं बाकीची. बाबांनी मान वर केली, बघितलं, आणि कोकराला धरूनच हाक दिली.

आवाज स्वच्छ गेला. वारा नव्हता. ओढ्यापलीकडे, त्या हिरव्या रानात, सगळ्या मेंढरांनी एकदम माना वर केल्या. आमच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता फिरतील.

त्यांनी माना खाली घातल्या आणि चरू लागली.

बाबांनी पुन्हा हाक दिली. या वेळी मानाही वर आल्या नाहीत. तिसऱ्यांदा दिली तेव्हा तिचा सूर फाटला होता. कोकरू त्यांच्या मांडीवरून पडलं आणि ते ओढ्यात उतरले, चपला चिखलात राहिल्या. मी धावलो. माय पिठाच्या हातांनी धावली. आम्ही काठ्यांनी, ढेकळांनी, ओरडून, शेपट्या ओढून मेंढरं त्या रानातून बाहेर काढली. काढली तेवढी काढली. उरलेली तिथंच थरथरायला लागली होती. मी डॉक्टरांना फोन लावत होतो, तो लागत नव्हता. माय गुळाचं पाणी घेऊन एकीच्या तोंडाकडून दुसरीच्या तोंडाकडे फिरत होती आणि मोठ्यानं रडत होती. मीही रडत होतो. पुण्यात त्या वेळी काचेच्या खोलीत बसलेल्या कुणालातरी धरून त्या रानात आणावं आणि उभं करावं, एवढंच मनात येत होतं.

उन्हं कलली तेव्हा बाबा म्होरकीपाशी बसलेले दिसले. बांधाच्या अलीकडे, आम्ही ओढत आणून टाकली होती तिथंच. तिचे डोळे उघडे होते आणि पोट हलत नव्हतं.

"बाबा, उठा," मी म्हणालो. "ती गेली."

ते उठले नाहीत. वाकून त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि हाक दिली. हळू, आतल्या आत, पण पुरी. सूर, जिभेचे चटके, आणि शेवटी वर उचलून सोडलेला सूर. मग तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "ही खरी व्हती, बाई. ह्या बारीला खरी व्हती."